‘द साइडवाइंडर’: ली मॉर्गनची रेकॉर्ड, दोन्ही बाजूंनी

हार्ड बॉप, म्हणजे ब्लूज आणि गॉस्पेलकडे झुकलेला जॅझ, कुठून ऐकायला घ्यावा, या प्रश्नाच्या उत्तरात ट्रम्पेटवादक ली मॉर्गनच्या ‘द साइडवाइंडर’चं नाव हमखास येतं, आणि ते योग्यच आहे. अडचण एवढीच की बहुतेकांचं ऐकणं पहिल्या ट्रॅकवरच थांबतं. तो इतका पटकन कानात बसतो की पुढच्या चार धुना नुसत्या भरीला आहेत असा समज होतो. हा समज खोडून काढायलाच हवा. पाचांपैकी तीन धुना ब्लूजच्या साच्यावर आहेत आणि तिन्हींची चाल वेगळी आहे. साचा तोच ठेवून खालची लय बदलली की ट्रम्पेटवाल्याची वाक्यं कशी बदलतात, हे या रेकॉर्डइतकं स्वच्छ फार कमी ठिकाणी ऐकू येतं. त्यासाठी दोन्ही बाजू सलग ऐकायला लागतात. एकूण वेळ साडेचाळीस मिनिटं.

रेकॉर्डिंग २१ डिसेंबर १९६३ चं, एकाच दिवसाचं. जागा न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सचा रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, कंपनी ब्लू नोट, निर्माता आल्फ्रेड लायन. १९६४ मध्ये ४१५७ या क्रमांकाने ती बाजारात आली. पाचही धुना मॉर्गनच्या स्वतःच्या आहेत. तेव्हा तो २५ वर्षांचा होता, पण मागे बरंच काही घडून गेलं होतं. जन्म फिलाडेल्फियाचा, १९३८ चा. अठराव्या वर्षी ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बिग बँडमध्ये, १९५७ मध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’ या रेकॉर्डवर, १९५८ पासून ड्रमर आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या संचात. मग हेरॉइनचं व्यसन, १९६१ मध्ये ब्लेकीचा संच सोडणं, फिलाडेल्फियाला परतणं. १९६३ मध्ये तो न्यूयॉर्कला परत आला आणि वर्ष संपता संपता ही रेकॉर्ड झाली. आधीच्या मॉर्गनकडे वेग आणि चमक भरपूर होती. इथे त्याला थांबायचं कुठे तेही कळलेलं आहे, आणि या रेकॉर्डचा खरा दर्जा तिथे आहे.

सोबतीला टेनर सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, पियानोवर बॅरी हॅरिस, बासवर बॉब क्रॅन्शॉ आणि ड्रम्सवर बिली हिगिन्स. कागदावर हा संच जरा विजोड दिसतो. हेंडरसनने त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘पेज वन’ ही स्वतःची पहिली रेकॉर्ड केली होती. त्याचा स्वर खरखरीत, वाक्यं वाकडी वळणं घेणारी. हॅरिस डेट्रॉइटचा, बीबॉपच्या, म्हणजे हार्ड बॉपच्या आधीच्या वेगवान जॅझच्या, व्याकरणाचा कडक उपासक. क्रॅन्शॉ सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सच्या ‘द ब्रिज’ या रेकॉर्डवर वाजवून आलेला. हिगिन्स तर सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या चौकडीतला, म्हणजे ज्या संगीताने १९५९ मध्ये जुन्या चौकटी मोडल्या तिथला. असे पाच जण एका साध्या नाचत्या ठेक्यावर एकत्र येतात आणि कुणीही स्वतःची बोली सोडत नाही.

आता पहिला ट्रॅक, कारण त्याच्यावर वेळ घालवावाच लागतो. लांबी १० मिनिटं २५ सेकंद, स्केल ई-फ्लॅट. साचा २४ बारांचा ब्लूज, म्हणजे नेहमीच्या १२ बारांच्या ब्लूजची दुप्पट लांबी. मोजायला सोपा आहे. प्रत्येक बारात चार मात्रा धरायच्या आणि पहिल्या मात्रेला बाराचा क्रमांक म्हणायचा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं. पहिले आठ बार मूळ कॉर्डवर, पुढचे चार तिच्यापासून चौथ्या स्वराच्या कॉर्डवर, मग चार परत मूळ कॉर्डवर, आणि उरलेले आठ वळण घेऊन घरी येण्यासाठी. या शेवटच्या वळणात मॉर्गनने नेहमीच्या ब्लूजपेक्षा जरा मायनर रंग टाकलाय. तिथे धून क्षणभर सावळी होते आणि लगेच मूळ जागी येते. ९६ मात्रांचं हे एक आवर्तन डोक्यात बसलं की सोलो कुठे सुरू झाला, कुठे दुसऱ्या फेरीत गेला, हे आपसूक कळायला लागतं. पहिल्यांदा मोजताना बहुतेकांचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो: पाय निम्म्या गतीने टेकवला जातो, मग २४ चे १२ वाटतात आणि हिगिन्सचे सगळे आघात भलत्या जागी पडल्यासारखे वाटतात. तसं झालं तर बासच्या ओळीकडे कान द्यायचा. क्रॅन्शॉ चूक होऊ देत नाही.

बास आणि पियानो मिळून जी आकृती वाजवतात, ती या ट्रॅकचा कणा आहे. हार्ड बॉपमध्ये बास सहसा चालता असतो, प्रत्येक मात्रेला एक स्वर. इथे क्रॅन्शॉ चालत नाही, तो एक ठरावीक तुटक आकृती धरून बसतो आणि हॅरिसचा डावा-उजवा हात तिच्या फटींमध्ये कॉर्ड टाकतो. हिगिन्स राइड सिंबलवर स्विंगचा झोल, म्हणजे मात्रेचा पहिला अर्धा भाग लांब आणि दुसरा आखूड, देण्याऐवजी आठव्या भागाचे (अर्ध्या मात्रेचे) स्वर जवळजवळ समान ठेवतो. पुढे नाचाच्या संगीतात बूगालू नावाने जो ठेका रुळला, त्याच्या जवळचा हा प्रकार. मात्र हिगिन्स एकदाही ठोकळेबाज होत नाही. त्याचा स्नेअर ऐका: दोन आवर्तनांमध्ये सारखा आघात क्वचितच सापडतो, आवाज मात्र कधी वर जात नाही. दहा मिनिटं एकच आकृती चालू असूनही कंटाळा येत नाही, याचं श्रेय ट्रम्पेटइतकंच त्याला आहे.

साधारण दीड मिनिटाने मॉर्गनचा सोलो सुरू होतो. तिथे मांडीवर बोटाने मात्रा धरून ऐकावं, कारण या सोलोतली गंमत स्वरांपेक्षा त्यांच्या जागांमध्ये आहे. सुरुवातीला तो अगदी छोटे तुकडे टाकतो, मध्ये जागा सोडतो, तोच तुकडा थोडा सरकवून परत टाकतो. ट्रम्पेटचा व्हॉल्व्ह पूर्ण न दाबता अर्धाच दाबला की स्वर गुदमरतो, घसरतो, बोलल्यासारखा निघतो. मॉर्गनची ही सही आहे आणि इथे ती भरपूर आहे. पण ती शोभेसाठी नाही: वाक्याच्या ज्या ठिकाणी गायक स्वर ओढून आणेल, नेमकी तिथेच ती येते. पुढच्या आवर्तनांत वाक्यं लांबतात, पट्टी वर चढते, एकाच स्वरावर ताशासारखे आघात येतात आणि मग तो मोकळं करून हेंडरसनच्या हाती देतो. सगळा दारूगोळा पहिल्याच फेरीत उडवायचा मोह वीस वर्षांच्या मॉर्गनला आवरला नसता. इथे त्याने हात राखून खर्च केलाय.

हेंडरसन लगेच दिशा बदलतो. तो आकृतीच्या वर बसत नाही, तिच्याशी वाद घालतो. मात्रेच्या आडून सुरू होणारी वाक्यं, खालच्या पट्टीतला खर, मध्येच एकदम वर झेप. त्यानंतर हॅरिस. काही समीक्षकांना तो या ठेक्यात अवघडलेला वाटतो, आणि त्यात थोडं तथ्य आहे. त्याची बोटं बीबॉपच्या लांब, वळणदार ओळींसाठी घडलेली, तर इथला ठेका सरळ. पण त्यामुळेच त्याचा सोलो ऐकण्यासारखा झालाय: उजवा हात स्विंगकडे ओढतो, खालची चाल सरळ राहते आणि दोन्हींच्या मध्ये एक ताण तयार होतो. शेवटी क्रॅन्शॉ. बास सोलो आला की पुढे ढकलण्याची सवय असेल तर ती इथे मोडा. तो मूळ आकृतीपासून फार लांब जात नाही, म्हणून आवर्तन मोजायचा सराव करायला यासारखी जागा नाही.

ही धून खूप गाजली. रेकॉर्ड बिलबोर्डच्या अल्बम यादीत २५ व्या क्रमांकापर्यंत गेली, हार्ड बॉपच्या मानाने ही प्रचंड मजल. क्रायस्लर मोटारींच्या टीव्ही जाहिरातीतही ती वाजली. त्याचा एक परिणाम चांगला नव्हता: पुढची काही वर्षं ब्लू नोटच्या कित्येक रेकॉर्ड्सची सुरुवात अशाच एखाद्या नाचत्या ब्लूजने व्हायला लागली, मॉर्गनच्या स्वतःच्या ‘द रम्प्रोलर’सकट. नक्कल आधी ऐकली असेल तर मूळही सरधोपट वाटू शकतं. म्हणून क्रम पाळावा, आधी ही.

पहिल्या बाजूचा दुसरा ट्रॅक ‘टोटेम पोल’, १० मिनिटं ११ सेकंद. मायनर रंगाची धून, लॅटिन ढंगाची चाल, आणि तिच्यातून स्विंगमध्ये सरकणं. लॅटिन भागात हिगिन्स सिंबल सोडून खाली उतरतो आणि स्विंग आला की परत वर येतो. ही उतर-चढ मॉर्गन आपल्या सोलोत वापरून घेतो: लॅटिन भागात तुकडे, स्विंग भागात सलग ओळ. माझ्या मते मॉर्गनचं या रेकॉर्डवरचं सर्वांत विचारपूर्वक वाजवणं इथे आहे, शीर्षकधुनेपेक्षाही. तक्रार एकच. पाठोपाठ दोन दहा-दहा मिनिटांचे ट्रॅक एका बाजूला आल्याने ‘टोटेम पोल’च्या वाट्याला थकलेले कान येतात. पहिल्या दोन-तीन ऐकण्यांनंतर एकदा थेट इथूनच सुरुवात करून पाहा, धून वेगळीच भासेल.

दुसरी बाजू ‘गॅरीज नोटबुक’ने उघडते. सहा मिनिटांची वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा बार, आणि साचा मायनर ब्लूजचा. वॉल्ट्झ म्हटलं की झोके घेणारी गोड चाल डोळ्यांपुढे येते, तशी ही नाही. हिची गती वेगवान आहे आणि तिनाच्या आत दोनाचे आघात सतत टोचत राहतात. मात्रा हरवणं इथे अगदी सोपं आहे. हरवलीच तर ड्रम्स सोडून बासची पहिली मात्रा पकडायची, दोन बारांत जागेवर येता. मॉर्गनचा सोलो तीनच्या चौकटीत कसा बदलतो ते पाहण्यासारखं आहे: शीर्षकधुनेत तो शांततेला जागा देत होता, इथे जागा उरतच नाही म्हणून वाक्यं एकमेकांना जोडून येतात.

‘बॉय, व्हॉट अ नाइट’ हा तिसरा ब्लूज, १२/८ च्या चालीत. प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात, त्यामुळे चर्चमधल्या गॉस्पेल गाण्याची ऊब आपोआप येते. इथे हॅरिस एकदम घरी असतो. पहिल्या ट्रॅकवर त्याच्याबद्दल ज्यांचं मत डळमळलं असेल त्यांनी ही साडेसात मिनिटं जरूर ऐकावीत. हेंडरसनलाही ही चाल मानवते. त्याचा इथला सोलो या रेकॉर्डवरचा त्याचा सर्वोत्तम आहे.

शेवटची ‘होकस पोकस’. ‘मीन टू मी’ या जुन्या गाण्याच्या कॉर्डांवर नवी धून, ही बीबॉपची जुनी रीत. ३२ बार, सरळ स्विंग, चालता बास. आधीच्या चार ट्रॅकांवर ज्याची आठवण येत होती तो जुना, मोकळा सुटणारा मॉर्गन इथे भेटतो. नावीन्य म्हणाल तर सगळ्यांत कमी, वाजवण्यातला आनंद मात्र उघड दिसतो.

आवाजाबद्दल. व्हॅन गेल्डरची पद्धत जवळच्या माइकची. ट्रम्पेट अंगावर येतो, टेनरचा श्वास ऐकू येतो, सिंबलला धार आहे. पियानो मात्र पेटीत बंद केल्यासारखा, मधल्या पट्टीत दाटलेला येतो. ही त्याच्या त्या काळातल्या बहुतेक रेकॉर्डिंगांची खोड आहे, तुमच्या स्पीकरची नव्हे, त्यामुळे ट्रेबल वाढवून ती जाणार नाही. ट्रेबल वाढवला तर उलट ट्रम्पेट टोचायला लागेल. स्टिरिओत वाद्यं डावी-उजवीकडे बरीच लांब मांडलेली आहेत. एकाच कानात इअरफोन घालून ऐकलं तर अर्धा संच नाहीसा होतो. हेडफोनवर ही ताणाताण त्रास देत असेल तर प्लेअरमधलं मोनोचं बटण सरळ दाबावं. व्हॅन गेल्डर तोवर दोन ट्रॅकच्या टेपवरच काम करत होता आणि मोनो रेकॉर्डही तीच टेप एकत्र करून काढली जात असे. त्यामुळे मोनो केल्याने काही मोलाचं हरवत नाही, उलट ट्रम्पेट आणि टेनरची जोडगोळी घट्ट होते.

विनायल, म्हणजे तबकडी, घ्यायचं असेल तर बाजूच्या शेवटाकडे लक्ष द्या. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण सुई बाहेरच्या कडेला असताना खालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच वेळाचं संगीत निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेलं असतं. सर्वांत आधी फाटतो तो पितळी वाद्याचा वरचा स्वर. या रेकॉर्डच्या दोन्ही बाजू वीस-वीस मिनिटांच्या आहेत, म्हणजे ‘टोटेम पोल’ आणि ‘होकस पोकस’चा शेवट या धोक्याच्या पट्ट्यात येतो. तिथे ट्रम्पेट चिरकत असेल तर रेकॉर्डला दोष देण्याआधी कार्ट्रिजचा (सुई धरणाऱ्या भागाचा) कोन प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन जुळवायच्या पट्टीवर, तपासा, सुईचं वजन कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूला ठेवा आणि सुई कोरड्या ब्रशने मागून पुढे साफ करा. तरीही चिरकलं आणि फक्त ट्रम्पेटच्या बाजूच्याच चॅनलला चिरकलं, तर अँटिस्केटिंग, म्हणजे सुईची आत ओढली जाण्याची प्रवृत्ती रोखणारी सोय, थोडं हलवून पाहा. दोन्ही चॅनलला सारखं चिरकत असेल तर आधीच्या मालकाने जड सुईने खाच झिजवलेली आहे. त्यावर इलाज नाही.

जुनी मूळ प्रत ओळखायची तर लेबलजवळच्या कोऱ्या पट्ट्यात पाहावं. तिथे व्हॅन गेल्डरचं नाव ठशाने उमटवलेलं असतं, आणि प्लास्टिलाइट कारखान्याची खूण म्हणून कानाच्या आकाराचं एक छोटं वळणदार अक्षर असतं. संग्राहक त्याला ‘कान’च म्हणतात. साठच्या दशकाच्या मध्यात लिबर्टी या कंपनीने ब्लू नोट विकत घेतल्यावर रेकॉर्ड्स दुसरीकडे छापल्या जाऊ लागल्या. उरलेली जुनी न्यूयॉर्कची लेबलं मात्र काही काळ वापरली गेली. म्हणून लेबल जुनं, नावाचा ठसा हजर, पण कान गायब, असं असेल तर ती लिबर्टीच्या काळातली प्रत. ऐकायला ती वाईट नसते, कारण छपाईचे साचे पुष्कळदा तेच असत, पण तिचे पैसे पहिल्या छपाईचे देऊ नयेत. केवळ ऐकण्यासाठी घ्यायची असेल तर ब्लू नोटच्या क्लासिक व्हायनल मालिकेतली, केव्हिन ग्रेने मूळ टेपवरून कापलेली १८० ग्रॅमची प्रत निर्धास्त घ्या. बासची आकृती तिच्यात मूळ प्रतीपेक्षाही सुटी ऐकू येते. व्हॅन गेल्डरने नंतर स्वतः केलेली सीडीची आवृत्ती आवाजाने चढी आणि जरा तिखट आहे. तिच्यात ‘टोटेम पोल’चा दुसरा टेक शेवटी जोडलाय. अभ्यासाला तो उत्तम, पण ‘होकस पोकस’नंतर लगेच तो लागला तर रेकॉर्डचा शेवट विस्कटतो. स्ट्रीमिंगवरही तो लागला तर पाचव्या ट्रॅकनंतर थांबवा. आणि एकेरी ४५ आरपीएमच्या रेकॉर्डपासून सावध: शीर्षकधून तिच्यात दोन बाजूंना तोडून दिलेली आहे.

ट्रम्पेट शिकणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. बी-फ्लॅट ट्रम्पेटवर ही धून एफमध्ये लिहिली जाते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आठव्या भागाचे स्वर सवयीने स्विंग करणं. खालची चाल सरळ असताना वरची धून झोल घेऊ लागली की दोन्ही घसरतात. दुसरी चूक घाईची: छोट्या तुकड्यांमधल्या मोकळ्या जागा अंगावर येतात आणि पुढचा तुकडा पाव मात्रा आधी पडतो. यावर उपाय म्हणजे मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवून आधी धून नुसती टाळीने वाजवणं, मग तोंडाने म्हणणं, मग वाद्यावर घेणं. अर्ध्या व्हॉल्व्हची नक्कल सगळ्यात शेवटी करावी. स्वर आधी सरळ आणि भरदार निघत नसेल तर अर्धा व्हॉल्व्ह फक्त बिघडलेल्या वाद्यासारखा ऐकू येतो.

यानंतर मॉर्गनचं काय ऐकावं याचं उत्तर ठरलेलं आहे: ‘सर्च फॉर द न्यू लँड’. हिगिन्स तोच, बाकी संचात वेन शॉर्टर, हर्बी हॅनकॉक, ग्रँट ग्रीन आणि रेजी वर्कमन. १९६४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ‘द साइडवाइंडर’नंतर अवघ्या दोन महिन्यांच्या आत रेकॉर्ड झालेली, पण कंपनीने ती बाहेर काढायला १९६६ उजाडवलं. नाचता ठेका तिच्यात जवळजवळ नाही.